रेतीचे नमुने: जगभरचे जमवावेत की आपल्या कन्हान-वैनगंगेचेच?

रेतकण

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, मानेवाड्याकडे राहते. मला रेती जमवायचा आणि ती भिंगाखाली बघायचा छंद आहे. होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत नमुने भरते आणि प्रत्येकीवर ठिकाण, तारीख, आणणाऱ्याचं नाव लिहून ठेवते. सुरुवातीला जे येईल ते घेतलं. नणंदेनं पुरीहून आणली, शेजारच्या काकांनी जैसलमेरच्या सम गावातून आणली, भाचीनं मालदीवहून. आता कपाटाचा खण भरलाय आणि या संग्रहाला काहीतरी दिशा द्यावी असं वाटतंय.

म्हणून विचारते. जगभरचे जमतील तितके नमुने गोळा करावेत, की एकच खोरं धरून ते पुरतं पालथं घालावं? माझा कल दुसऱ्याकडे आहे. कन्हान, पेंच, कोलार, नाग, वैनगंगा या नद्यांच्या एकेका घाटाची चिमूटभर रेती, व्यवस्थित नोंदीसह, कुणीतरी ठेवायला हवी असं मला मनापासून वाटतं. उपसा चालू आहे, धरणं झाली आहेत, बांधकामावर दगड फोडून केलेली रेती येऊ लागली आहे. आज पात्रात जी रेती दिसते ती वीस वर्षांनी तिथं असेलच असं नाही.

इथं आणखी कोणी हा छंद करतं का? तुम्ही काय कराल?

गिट्टीखदानकर

ताई, एकूण किती ब्रास झाली? रॉयल्टी पास काढला का? :)

रेतकण

सगळी मिळून चपलेच्या खोक्यात मावते भाऊ. टिप्पर लागणार नाही.

भिंगवाला

मी करतो. आधी नाणी गोळा करायचो, आता हे. पैसा लागत नाही आणि चोरीची भीती नाही.

नवीन लोकांसाठी थोडं सांगतो. साधं दहापट दाखवणारं भिंग पुरतं, घड्याळवाले डोळ्याला लावतात तसलं. फोल्डस्कोप, म्हणजे घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक, मिळाला तर आणखी उत्तम. काळ्या कागदावर चिमूटभर रेती पसरा, शेजारी पांढरा कागद ठेवून थोडी त्यावरही पसरा. काही कण काळ्यावर उठून दिसतात, काही पांढऱ्यावर. मग रंग, आकार, कडा टोकदार आहेत की गुळगुळीत, चकाकी काचेसारखी की धुरकट, हे बघायचं. नंतर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक वरून फिरवायचं. काळे कण उड्या मारून चिकटले की ते बहुतेक मॅग्नेटाइट, लोखंडाचं खनिज. पिशवी उलटी केली की कण सुटतात. चुंबक उघडं लावलंत तर कण काढता काढता नाकी नऊ येतील. शेवटी व्हिनेगरचा एक थेंब. फसफसलं तर शिंपला, प्रवाळ किंवा चुनखडी.

जगभरचे की इथलेच, यावर माझं ठाम मत नाही. जे डोळ्याला आवडेल ते ठेवावं.

भाट्ये_ते_बर्डी

माहेर रत्नागिरी, सासर नागपूर, त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे! नदीची रेती जमवून काय मिळणार? सगळी करड्या-पिवळ्या रंगाची. आमच्या रत्नागिरीत एकाच गावात काळा समुद्र आणि पांढरा समुद्र. मांडवीची वाळू काळी, इल्मेनाइट नावाच्या जड काळ्या खनिजाची. पलीकडच्या किनाऱ्यावर पांढुरकी, शिंपल्यांच्या चुऱ्यानं भरलेली. हवाईला पापाकोलियाचा किनारा ऑलिव्हिन या हिरव्या खनिजामुळे हिरवा आहे. जपानच्या ओकिनावाकडे वाळूचे कण चक्क चांदण्यांच्या आकाराचे असतात, कारण ती सूक्ष्म सागरी जीवांची कवचं असतात. न्यू मेक्सिकोत जिप्समची पांढरीशुभ्र वाळू आहे. तुमच्या मालदीवच्या बाटलीतही पोपटमाशांनी प्रवाळ कुरतडून, पचवून बाहेर टाकलेला चुरा भरपूर असणार. हे सगळं सोडून कन्हानच्या पुलाखाली काय बघायचं?

जुना_भूशास्त्री

रेतकण, तुमचा कल योग्य आहे आणि त्याला भक्कम आधार आहे. भाट्ये ताई, कन्हानच्या पुलाखाली काय बघायचं ते सांगतो, जरा लांबेल.

नागपूर ज्या जागी वसलंय तिथं तीन निरनिराळे खडक एकमेकांना येऊन भिडतात. पश्चिमेला काटोल-कळमेश्वरकडे दख्खनचा बसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. सीताबर्डीची टेकडीही त्याचीच. उत्तरेला आणि पूर्वेला, म्हणजे पारशिवनी, मनसर, रामटेक आणि पुढं भंडाऱ्याकडे, त्याहून कितीतरी जुने नाइस, शिस्ट, क्वार्ट्झाइट हे उष्णतेनं-दाबानं बदललेले खडक. मँगनीजच्या खाणी याच पट्ट्यात आहेत. आणि मधे कामठी, सिल्लेवाडा, सावनेर इथं गोंडवन काळातला वालुकाश्म आणि कोळसा. त्या वालुकाश्माला भूशास्त्रात कामठीचंच नाव आहे.

बसॉल्टमध्ये क्वार्ट्झ, आपली गारगोटी, जवळजवळ नसतेच. तो कुजला की चिकणमाती होते, म्हणजे आपली कापसाची काळी जमीन. म्हणून पश्चिमेकडच्या नाल्यांत गाळ फार आणि रेती थोडी. नाइसचं तसं नाही. त्यातलं फेल्स्पार हे खनिज हळूहळू मातीत जातं, पण क्वार्ट्झ टिकतं. मोहच्या मापावर त्याचा कठीणपणा ७, सरळ फुटण्याच्या रेषा त्याला नाहीत आणि पाण्या-हवेला ते सहसा दाद देत नाही. वैनगंगेची रेती अशी तयार होते. नागपूरची घरं कन्हान आणि वैनगंगेच्या रेतीत का बांधली गेली, याचं उत्तर या खडकांत आहे.

कामठीच्या वालुकाश्मातून सुटलेला कण घ्या. पंचवीसेक कोटी वर्षांपूर्वी कुठल्याशा नदीनं तो आणून टाकला, त्याचा दगड झाला, आणि आज कन्हान त्याला पुन्हा मोकळा करते आहे. त्या जुन्या नदीच्याही आधी तो कुठल्या तरी डोंगरात होता. एवढा प्रवास करून आलेला कण आपल्या तळहातावर आहे हे कळल्यावर कन्हानची रेती करडी-पिवळी वाटत नाही.

या भागाचा असा अभ्यास पहिल्यांदा ज्यांनी ध्यास घेऊन केला त्यांत स्टीफन हिस्लॉप हे नाव घ्यावंच लागेल. मिशनरी म्हणून आले आणि टाकळी, कामठीचे खडक, जीवाश्म वेचत फिरले. १८६३ साली टाकळघाटाहून परतताना ओढ्यात बुडून गेले. आपलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.

भाट्ये_ते_बर्डी

सर, वाचून छान वाटलं. पण हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे म्हणून दिसतं. माझ्यासारखीला दोन नद्यांच्या रेतीत फरक कसा कळणार? चांदणीचा कण कुणालाही कळतो.

भिंगवाला

भाट्ये ताई, एक करून बघा. बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर पोलराइज करणारी पातळ पट्टी असते. तिचे दोन तुकडे करा. एक रेतीखाली, एक वर. वरचा तुकडा फिरवत फिरवत उजेड बंद होईल तिथं थांबा आणि खालून टॉर्च लावा. क्वार्ट्झचे कण अंधारात पिवळे, निळे, जांभळे चमकायला लागतात. गार्नेट आणि काच मात्र काळेच राहतात. वैनगंगेच्या रेतीवर हे करा आणि मला सांगा ती कंटाळवाणी आहे का.

राजेहो

हे मी आत्ताच करून पायलं. पोराचा जुना कॅल्क्युलेटर फोडला. लेकानं घर डोक्यावर घेतलं, पण रंग भल्लेच भारी दिसून रायले राजेहो!

शाळा_रामटेक

मी शिक्षक आहे. आमच्या मुलांना नाल्यातली रेती आणायला सांगतो. मनसरकडच्या मुलांच्या पुडीत काळे जड कण हमखास येतात. ते चुंबकाला धड चिकटत नाहीत, पण हातात जड लागतात, मँगनीजचे. लालसर-तपकिरी गार्नेटही सापडतं. सर म्हणतात त्या पट्ट्यात गोंडाइट नावाचा खडक आहे, त्यात मँगनीजचं गार्नेट असतं. एका मुलीनं विचारलं होतं, "सर, हे आमच्या नाल्यात येते तर हे मोठ्या नदीत कुठवर जाते?" मला उत्तर देता आलं नाही, पण रेतकण ताईंचा संग्रह झाला तर देता येईल. खोरं धरूनच जमवा ताई. आमच्या मुलांकडून लागतील तितक्या पुड्या पाठवतो.

सेंट्रिंग_प्लेट

मी साइटवर असतो, सिव्हिल. तुम्ही लोक रेतीकडे असं बघता हे मला माहीतच नव्हतं. आमच्याकडे रेती म्हणजे चाळणीतून काय जातं आणि काय राहतं. ४.७५ मिलिमीटर, २.३६, १.१८, मग ६००, ३००, १५० मायक्रॉन. आयएस ३८३ या भारतीय मानकाप्रमाणे तिचा झोन, म्हणजे जाड-बारीकपणाचा गट, ठरतो. भूशास्त्रात २ मिलिमीटरच्या खाली रेती आणि त्याच्या वर खडी, असं ऐकलंय, आमच्याकडे ४.७५ पर्यंत सगळी रेतीच. जुन्या चाळण्यांचा संच कुणाला हवा असेल तर सांगा, माझ्याकडे पडून आहे.

गिट्टीखदानकर ब्रासवर बोलले म्हणून एक कामाची गोष्ट. ब्रास म्हणजे १०० घनफूट, मोजणी आकारमानावर. कोरड्या रेतीत वजनाच्या चार-पाच टक्के पाणी गेलं की प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पापुद्रा बसतो, कण एकमेकांना दूर ढकलतात आणि ढीग वीस-तीस टक्के फुगतो. बारीक रेती जास्त फुगते. आणखी पाणी ओतून पूर्ण भिजवली की परत खाली बसते. म्हणजे ओलसर रेतीचा ट्रक घेणारा माणूस पैसे देऊन हवा विकत घेतो.

संत्रा_मार्केट

थांबा थांबा. आमच्या घराचं काम चालू आहे आणि रेती रोज सकाळी ओलीच येते. हे तपासायचं कसं?

सेंट्रिंग_प्लेट

सरळ बाजूंची काचेची बरणी घ्या. आलेली रेती न दाबता अर्ध्याच्या थोडी वर भरा, उंची मोजा. मग पाणी घालून चांगलं ढवळा, बसू द्या, परत मोजा. जेवढी खाली गेली तेवढा फुगवटा. गाळ बघायचा असेल तर दुसऱ्या बरणीत रेती आणि मिठाचं पाणी घालून जोरात हलवा आणि तीनेक तास ठेवा. रेतीच्या वर मऊ थर दिसेल तो गाळ. तो जाड दिसला तर ती रेती प्लास्टरला घेऊ नका.

संत्रा_मार्केट

केलं. ट्रकवाल्याशी आज सकाळी बरणी दाखवूनच बोललो. त्यानं बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि भाव कमी केला. धन्यवाद दादा.

गिट्टीखदानकर

हा धागा सरकारनं छापून वाटायला पायजे.

वकील_सदर

बांधकाम झालं असेल तर थोडं कायद्याचं, कारण नवे लोक उत्साहात काहीही उचलतात. भारतीय वन कायदा, १९२७ मध्ये वनोपजाच्या व्याख्येत जंगलातले दगड, खनिजं, वरची माती हे सगळं येतं. त्यामुळे पेंचच्या व्याघ्र प्रकल्पातून चिमूटभरही रेती आणायची नाही. लोणारही अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. तिथं उल्केच्या आघातानं तयार झालेली काच सापडते म्हणून लोकांना मोह होतो. तो तिथंच ठेवून या.

परदेशातही जपून. इटलीच्या सार्डिनियात किनाऱ्यावरची वाळू नेली तर ५०० ते ३००० युरो दंड आहे. हवाईतही मनाई आहे, त्यामुळे भाट्ये ताई, ती हिरवी वाळू फोटोतच बरी. केरळच्या चवराकडच्या काळ्या वाळूत मोनाझाइट नावाचं खनिजही असतं, त्यात थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असतं. ती घरात जमवायची वस्तू नाही.

भाट्ये_ते_बर्डी

सार्डिनियाचं माहीत नव्हतं. तीन हजार युरो! तेवढ्यात आख्खी रत्नागिरी फिरून होईल.

गच्चीवरून

चुंबकाचा विषय निघालाच आहे तर माझा प्रयोग सांगते. पावसाळ्यानंतर गच्चीच्या पन्हाळीत साचलेला गाळ मी धुऊन, वाळवून चुंबकानं गाळते. त्यात भिंगाखाली अगदी गोल, चकचकीत, काळे मणी दिसतात. नॉर्वेचे जॉन लार्सन नावाचे जॅझ संगीतकार आहेत, त्यांनी शहरातल्या छपरांवरून अशा धुळीतून अंतराळातले सूक्ष्म उल्काकण शोधून काढले आणि शास्त्रज्ञांबरोबर २०१७ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याआधी शहरात हे शक्य नाही असंच मानत होते. माझ्याकडचे मणीही तेच असतील का?

जुना_भूशास्त्री

असू शकतात, पण नागपुरात फार सावध राहून बघावं लागेल. वेल्डिंगच्या आणि ग्राइंडरच्या ठिणग्यांचे असेच गोल मणी होतात. फटाक्यांतूनही येतात. आणि कोळसा जाळल्यावर उडणाऱ्या राखेत लोहाचे चुंबकीय गोल कण भरपूर असतात. आपल्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा आहेत. लार्सन यांचं मोठेपण हे की त्यांनी आधी वर्षानुवर्षं माणसानं केलेल्या मण्यांचे प्रकार ओळखायला शिकून घेतलं. उल्काकणांच्या पृष्ठभागावर अनेकदा पानाच्या शिरांसारखी किंवा पट्ट्यापट्ट्यांची स्फटिकांची नक्षी असते. अगदी गुळगुळीत चकचकीत मणी बहुधा आपलेच. तुम्हीही गच्चीच्या मण्यांचे प्रकार वेगवेगळे करून ठेवा. दिवाळीच्या आधीचा गाळ आणि नंतरचा गाळ, एवढी तुलनाही फार बोलकी ठरेल.

गच्चीवरून

दिवाळीची कल्पना उत्तम सर. यंदा करते.

राजेहो

म्हंजे आमच्या गच्चीवर तारे पडून रायले आणि आमी झाडून फेकून रायलो? उद्यापासून बायकोले झाडू नोको मारू म्हनतो.

इतवारी

जुनी आठवण सांगतो. लहानपणी इतवारीच्या सराफ्यात पहाटे काही माणसं दुकानांसमोरची धूळ आणि नालीतला गाळ गोळा करून पसरट भांड्यात धुवायची. भांडं पाण्यात गोल फिरवत फिरवत हलकी माती बाहेर सांडायची, शेवटी तळाला काळी बारीक रेती उरायची आणि तिच्यात सोन्याचे कण. माझे आजोबा त्यांना सोनझारी म्हणायचे. बालाघाटकडच्या नद्यांच्या रेतीतून सोनं धुणारे लोकही हेच काम करत. रेतीतलं जड आणि हलकं वेगळं करायचं शास्त्र त्यांच्या मनगटात होतं. तुम्ही भिंगं घेऊन जे करता ते ही माणसं पोटासाठी करत होती. त्यांची आठवण या धाग्यात असावी असं वाटलं.

जुना_भूशास्त्री

इतवारी, फार बरं केलंत. विद्यार्थ्यांना जड खनिजं वेगळी करायला शिकवताना आम्ही हीच पद्धत वापरायचो, साध्या ताटलीत. रेतकण, तुमच्या प्रत्येक नमुन्याचा थोडा भाग असा धुऊन जड कणांची वेगळी बाटली करा. गार्नेट, मॅग्नेटाइट, इल्मेनाइट, मँगनीज हे सगळं त्या तळाच्या काळ्या रेतीत येतं. वरच्या कुठल्या खडकातून नदी आली आहे हे ते मूठभर जड कण सांगतात. हलकं क्वार्ट्झ सगळीकडे सारखंच दिसतं, त्यामुळे भाट्ये ताईंचा आक्षेप तेवढ्यापुरता खरा आहे.

रेतकण

सगळ्यांचे आभार, किती मिळालं यातून. आता मला पटलेलं सांगते.

माझा संग्रह कन्हान-वैनगंगा खोऱ्याचाच राहील. बाहेरचे नमुने एका खणात ठेवीन, पण ते ओळखीसाठी. जैसलमेरचा वाऱ्यानं घासून गोल केलेला धुरकट कण शेजारी असला की कन्हानचा टोकदार कण का टोकदार आहे ते समजतं. भाट्ये ताई, तुमची मांडवीची काळी वाळू मला हवीच आहे, तेवढ्यासाठीच.

सुरुवात बिना संगमापासून करायची आहे. तिथं कन्हान, पेंच आणि कोलार एकत्र येतात. सर म्हणाले तसं पाहिलं तर कोलार बसॉल्टच्या मुलखातून येते, पेंच जुन्या नाइस-शिस्टमधून, आणि कन्हान सातपुड्यातून सगळ्यांचं थोडं थोडं घेऊन. संगमाच्या वर तिन्ही नद्यांचा एकेक नमुना आणि संगमाच्या खाली एक. शिक्षक दादांच्या विद्यार्थिनीचा प्रश्न मी लिहून ठेवलाय. मनसरचे काळे कण कुठवर जातात ते खाली खाली घाटागणिक बघत, कन्हान वैनगंगेला मिळते त्या आंभोऱ्यापर्यंत जायचं.

एक शंका आहे. पेंचवर तोतलाडोह आणि नवेगाव खैरी ही धरणं आहेत. वरची रेती धरणातच अडत असेल ना? मग संगमावर पेंचची म्हणून मी जी रेती घेईन ती खरी कुठली?

जुना_भूशास्त्री

नेमका प्रश्न विचारलात. जाड रेती धरणाच्या जलाशयात बसते, खाली स्वच्छ पाणी सुटतं आणि ते खालचं पात्र खरवडतं. म्हणजे संगमाजवळची पेंचची रेती बहुतांश धरणाखालच्या टप्प्यातली आणि जुनी साठलेली. आंभोऱ्यालाही आता गोसीखुर्द धरणाचं पाणी मागे येतं, तिथं पात्रातली रेती पाण्याखाली आहे आणि वर बारीक गाळ बसतो. म्हणून तुमच्या नोंदीत ‘धरणाच्या वर’ की ‘धरणाच्या खाली’ हा रकाना हवाच. तुमच्या संग्रहाची किंमत त्या रकान्यानं वाढेल.

सेंट्रिंग_प्लेट

ताई, अजून एक. दगड फोडून केलेल्या रेतीलाही एक बाटली द्या. एम-सँड म्हणतो आम्ही. कण धारदार, पृष्ठभाग ताजा फुटलेला, सोबत दगडाची भुकटी.

रेतकण

खरं सांगू का, ती नदीची नाही म्हणून मी घेणार नव्हते. ती कारखान्यातली वस्तू ना?

सेंट्रिंग_प्लेट

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२२ चा अहवाल आहे. जगात वर्षाला रेती आणि खडी मिळून ५० अब्ज टन वापरली जाते. नदी एवढं देऊ शकत नाही, म्हणून ही आली. आज नागपुरात कुठल्याही नव्या इमारतीच्या भिंतीत डोकावा, ती सापडेल. पन्नास वर्षांनी कुणी इथली रेती बघायला बसलं तर कन्हानच्या बाटल्यांशेजारी ही नसली तर त्याला अर्धीच गोष्ट कळेल. आणि ती इथल्याच बसॉल्टची आहे. सर म्हणाले ना, बसॉल्ट स्वतःहून रेती देत नाही. आता आपण त्याला फोडून करतोय.

रेतकण

हे पटलं. घेते. खाणीचं ठिकाण कळलं तर तेही लिहीन.

शाळा_रामटेक

नमुना किती घ्यायचा, कसा, ते एकदा सविस्तर सांगा म्हणजे मुलांना एकच पद्धत शिकवतो. मागे मुलांनी पेनानं लिहिलेल्या चिठ्ठ्या ओल्या होऊन पुसल्या होत्या.

भिंगवाला

चिठ्ठी पेन्सिलीनं लिहायची, एक बाटलीच्या आत आणि एक बाहेर. रेती पूर्ण वाळल्याशिवाय बाटली बंद करायची नाही, नाहीतर पावसाळ्यात आत बुरशी येते. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर पेपर पसरला की दुपारपर्यंत काम होतं. समुद्राची असेल तर आधी गोड्या पाण्यानं दोनदा धुवायची, नाहीतर मिठानं ओल धरते. बाकी सर सांगतील.

जुना_भूशास्त्री

मूठभर पुरे. पूर ओसरून पात्र उघडं पडलं की जायचं. दिवाळीनंतरचे दिवस चांगले. नदीच्या वळणाच्या आतल्या बाजूला रेतीचा उंचवटा साचतो, त्यावरून वरचे दोन-तीन सेंटिमीटर घ्या आणि प्रत्येक ठिकाणी तशाच जागेवरून घ्या, म्हणजे तुलना करता येईल. पुलाजवळून, घाटाच्या पायऱ्यांजवळून नको, तिथं बांधकामाची रेती मिसळलेली असते. अक्षांश-रेखांश मोबाइलवरून लिहा. पाण्याच्या कडेला काळी रेघ उमटलेली दिसली तर ती वेगळ्या पुडीत. ती जड खनिजांची असते आणि मुख्य नमुन्यात मिसळली तर अंदाज चुकतो.

मुलांना घेऊन जाताना एक कटाक्षानं पाळा. उपसा झालेल्या जागी पाण्याखाली एकदम खोल खड्डे असतात, वरून कळत नाहीत. पाण्यात उतरायचं नाही, कोरड्या पात्रातूनच घ्यायचं. आणि उपसा सुरू असलेल्या घाटावर जाऊच नका.

भाट्ये_ते_बर्डी

बिना संगमावर जाल तेव्हा मला सांगा, मी येते. कॅल्क्युलेटरच्या पट्ट्यांचा प्रयोग काल केला. भिंगवाले दादा, वैनगंगेची रेती कंटाळवाणी नाही. मांडवीची बाटली पुढच्या महिन्यात आई आली की पाठवते.

राजेहो

आपली जीप हाय. पाच जण बसतात, चाळण्याही मावतात.

सेंट्रिंग_प्लेट

मी चाळण्या आणतो. तिथं पात्रातच चाळू नका, ओली रेती चाळणीतून जात नाही. वाळवून घरी चाळायची.

रेतकण

ठरलं तर. दिवाळीनंतरचा पहिला रविवार, सकाळी सातला कामठीच्या बसस्थानकाजवळ. येणाऱ्यांनी इथंच कळवा. प्रत्येकानं भिंग, पेन्सिल, कागदी पुड्या आणि पाण्याची बाटली आणा. शिक्षक दादा, ती विद्यार्थिनी आणि तिच्या घरचे कुणी येऊ शकत असतील तर त्यांनाही घेऊन या. मनसरची काळी पुडी तिच्याच हातून संगमाच्या रेतीशेजारी ठेवून बघू.